तरुण फौजी सभेला का येत नाहीत

जय हिंद.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निफाड तालुक्यातल्या तुमच्या माजी सैनिक संघटनेत दीडशेच्या आसपास सभासद, त्यातले बहुतेक साठीच्या पुढचे. गेल्या पाच-सहा वर्षांत पेन्शनवर आलेली मुलं देवळालीच्या लष्करी कॅन्टीनमध्ये भेटतात, ‘येतो की साहेब’ म्हणतात आणि सभेला येत नाहीत. यांना संघटनेची किंमत का नाही आणि यांना आणायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि नाशिकरोडच्या बाजूला अशाच एका संघटनेचं सचिवपद बारा वर्षं सांभाळलं. पहिली चार वर्षं मीही हाच प्रश्न याच शब्दांत विचारत होतो, आणि त्या चार वर्षांत एकही तरुण टिकला नाही.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या तालुक्यातला एखादा हवालदार अडतिसाव्या वर्षी ट्रंक घेऊन घरी येतो. त्या दिवसापासून दोन वर्षांत संघटनेतलं कुणी त्याच्या घरी गेलं का? गेलं असेल तर काय घेऊन गेलं, पावतीपुस्तक की मदत? पहिली दोन वर्षं त्याची सगळ्यात अडचणीची असतात. ती एकट्याने काढली की त्याला आपली गरज उरत नाही, आणि मग आपण त्याला कृतघ्न म्हणतो.

सगळीकडे हे असंच चालेल असं मात्र नाही. देवळाली कॅम्प, नाशिकरोड, आर्टिलरी सेंटरच्या आसपास फौजी वस्ती दाट आहे, तिथे दोन हाका मारल्या की दहा जण जमतात. सुरगाणा-पेठकडे एकेका गावात एकटा माजी सैनिक असतो, त्याला तालुक्याला यायलाच अर्धा दिवस लागतो. अधिकाऱ्यांच्या संघटनांचं गणित निराळं, ओझरच्या हवाई दलवाल्यांचं निराळं. मी बोलतोय ते जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) यांच्या तालुका पातळीवरच्या संघटनेबद्दल, कारण मी तीच पाहिली आहे.

आता त्या हवालदाराकडे बघा. जवान अठरा-एकोणीसचा असताना भरती होतो, पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनला पात्र होतो, आणि बहुतेक जण पस्तीस ते बेचाळीसच्या दरम्यान घरी येतात. बाहेरच्या लोकांना ‘निवृत्त’ म्हटलं की काठी आणि चष्मा दिसतो. आपल्या संघटनाही नकळत त्याच समजुतीवर चालतात. त्याचा मुलगा आठवीत असतो. आजवर तो छावणीजवळच्या केंद्रीय विद्यालयात शिकला, आता गावच्या शाळेत बसत नाही. वडिलांचा गुडघा गेलेला असतो. वीस वर्षं द्राक्षबाग भावाने सांभाळली, कर्ज त्याच्या नावावर, आणि हा घरी आल्या आल्या वाटणीचा विषय कुणीतरी काढतोच. पेन्शन मूळ पगाराच्या निम्मी. रेशन, क्वार्टर, भत्ते सगळं एकदम थांबलेलं. मग तो सातपूर, अंबड नाहीतर सिन्नरच्या एमआयडीसीत सिक्युरिटीला लागतो, बारा-बारा तासांच्या पाळ्या करतो. किंवा बँकेच्या गार्डसाठी अर्ज करतो. किंवा राज्य सरकारच्या गट क आणि ड मधल्या माजी सैनिकांच्या १५ टक्के समांतर आरक्षणातून काही मिळेल म्हणून वीस वर्षांनी पुन्हा गणिताचं पुस्तक उघडतो, शेजारी बावीस वर्षांची पोरं बसलेली.

आणि आपली मासिक सभा असते रविवारी सकाळी अकराला. मागच्या सभेचं इतिवृत्त, दोन जणांची भाषणं, चहा. त्या वेळी तो गेटवर उभा असतो.

आम्ही पहिला बदल केला तो वेळेचा आणि तो फसला. सभा संध्याकाळी घेतली, तरी कुणी आलं नाही. वर्गणी माफ केली, तरी नाही. क्रिकेटचे सामने भरवले. मुलं आली, खेळली, ट्रॉफी घेऊन गेली, पुन्हा दिसली नाहीत. आमच्याकडून त्यांना हवं असं काही आम्ही देतच नव्हतो, हे कळायला आम्हाला उशीर लागला.

पूर्वी आपल्याकडे एक गोष्ट होती, ती म्हणजे माहिती. पगार आयोगाची शिफारस, पेन्शनचा तक्ता, नवा शासन निर्णय, सगळं संघटनेच्या फळ्यावर लागायचं. २००३ साली ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, सुरू झाली तेव्हा फॉर्म कसा भरायचा हे विचारायला लोक आमच्या घरी यायचे. वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर सारखी पेन्शन या मागणीसाठी, १५ जून २०१५ ला जंतरमंतरवर उपोषण सुरू झालं, तेव्हा आपल्या जिल्ह्यातही बैठका भरून वाहायच्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये अधिसूचना निघाली, १ जुलै २०१४ पासून लाभ लागू झाला. त्यानंतरच्या पाच-पाच वर्षांच्या फेरआढाव्यांचे तक्ते तर तरुणाच्या मोबाइलवर आपल्याआधी पोचतात. त्याच्या पलटणीचा, त्याच्या बॅटरीचा (तोफखान्यातल्या तुकडीचा) व्हॉट्सॲप ग्रुप असतो. यूट्यूबवर पेन्शन समजावून सांगणारे डझनभर आहेत. माहितीसाठी त्याला आपली गरज राहिली नाही. आपण मात्र अजून तीच वाचून दाखवतो, तीही महिनाभर शिळी.

पण माहिती मिळाली म्हणजे काम झालं असं नाही, आणि आपली जागा नेमकी तिथेच आहे. हे मला एका रात्री कळलं. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेला एक नाईक फाइल घेऊन घरी आला. घरी आल्यावर सातव्या महिन्यात वडील वारले होते, त्या धावपळीत त्याला भीती वाटायला लागली होती की आपलं काही बरंवाईट झालं तर बायकोला पेन्शन मिळेल का. त्याच्या बायकोचं नाव रेकॉर्डमध्ये एक होतं आणि आधारवर दुसरं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत. सासरी ठेवलेलं नाव त्याने कंपनी क्लार्कला सांगितलं आणि ते पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकाच्या अधिकृत नोंदीत, गेलं. शाळेचा दाखला, आधार, बँक खातं, सगळं माहेरच्या नावावर. पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर आल्यापासून असा फरक लपत नाही. ही दुरुस्ती करायला प्रतिज्ञापत्र लागतं, लग्नाचा पुरावा लागतो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद पुढे जातात आणि शेवटी रेकॉर्ड ऑफिसातून बदल होतो. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या नाशिकरोड कॅम्पात आहे, आम्हाला ते चालत जाण्यासारखं. महारवाल्याला सागरला लिहावं लागतं, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याला बेळगावला. त्याने सगळे व्हिडिओ बघितले होते, पायऱ्या तोंडपाठ होत्या. त्याला शेजारी बसून अर्ज लिहिणारा, आणि दोन महिन्यांनी ‘काय झालं रे त्या कागदाचं’ असं विचारणारा माणूस हवा होता.

त्यानंतर आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी सात ते नऊ एक टेबल मांडलं. एक लॅपटॉप, एक स्कॅनर, रजिस्टर. सभा नाही, भाषण नाही, वर्गणीचा विषय नाही. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन, मुलांचे जन्मदाखले शेजारी शेजारी ठेवायचे आणि नाव, जन्मतारीख, स्पेलिंग जुळतं का ते बघायचं. मुलगी इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला लागली असेल तर पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरायचा. मुलीला महिन्याला ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये मिळतात. बारावीला ६० टक्के हवेत, ही अट आधी सांगायची, कारण ती कळेपर्यंत कितीतरी घरांत आशा लावून बसलेले असतात. ओळखपत्र आणि नोकरीसाठीची नोंदणी राहिली असेल तर ती करून द्यायची. पहिल्या तीन गुरुवारी कुणी आलं नाही. चौथ्याला दोघे आले. वर्षभरात आमच्याकडे आलेल्या नव्या चेहऱ्यांपैकी जवळजवळ सगळे त्या टेबलावरून आले, सभेच्या निमंत्रणावरून एकही नाही.

त्या टेबलावर कोण बसतं हे फार महत्त्वाचं ठरलं. मी बसलो तर ‘साहेबांकडे काम घेऊन आलोय’ असं व्हायचं. तो महारचा नाईक बसायला लागला आणि वातावरण बदललं. संगणक त्याला माझ्यापेक्षा चांगला येतो. सुभेदार मेजर हुद्द्यावरून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ त्याच्याकडून लॉगिन करायला शिकले. पहिल्यांदा त्यांना ते जड गेलं, पण पुढच्या गुरुवारी ते स्वतःहून दुसऱ्या म्हाताऱ्याला घेऊन आले.

आता हुद्द्याबद्दल बोलतो, कारण इथे आपण तरुणांना सगळ्यात जास्त दुखावतो. वर्दी उतरली तरी आपल्या सभांमध्ये खुर्च्यांची रांग हुद्द्याने लागते. पुढे सोफ्यावर साहेब लोक, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर जवान. वीस वर्षं ‘यस सर’ म्हणून आलेल्या माणसाला बाहेर आल्यावर मोकळा श्वास हवा असतो. मान द्यायला कुणाची ना नाही, मीही अजून माझ्या जुन्या बॅटरी कमांडरांना उभं राहूनच बोलतो. पण संघटनेत मत सगळ्यांचं सारखं असलं पाहिजे, आणि ते सारखं आहे हे खुर्च्यांवरूनही दिसलं पाहिजे.

याहून वाईट एक प्रसंग सांगतो. विजय दिवसाचा कार्यक्रम होता, १६ डिसेंबर. एक तरुण लान्स नाईक पहिल्यांदाच आला होता. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्याने चहा घेता घेता त्याला विचारलं, ‘आम्ही एकाहत्तर पाहिलं. तुम्ही कुठली लढाई लढलात?’ त्यांच्या मनात वाईट नसेल. पण तो मुलगा राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादविरोधी दलात दोनदा काश्मीरमधल्या कुपवाड्याला राहून आला होता, त्याच्या शेजारचा माणूस गेला होता. त्याने कप खाली ठेवला आणि निघून गेला. मी तिथेच होतो, मी गप्प बसलो. तो पुन्हा आला नाही, आणि त्याच्या बरोबरीचे चार जणही आले नाहीत, हे मला नंतर कळलं. आता प्रत्येक कार्यक्रमाआधी मी स्वतः ज्येष्ठांना सांगतो की हा प्रश्न विचारायचा नाही. सियाचीनवर १९८४ पासून माणसं उभी आहेत, श्रीलंकेत गेलेले आहेत, कारगिलचे आहेत, २०२० नंतर लडाखमध्ये हिवाळे काढलेले आहेत. तरुणाच्या नोकरीत घोषित युद्ध नसेल, पण नोकरी सोपी होती असं नाही.

हे फक्त आपलंच आहे असं समजू नका. अमेरिकेत १९१९ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिक संघटनेचे सभासद दुसऱ्या महायुद्धानंतर ३० लाखांच्या वर गेले होते, आज ते २० लाखांच्याही खाली आहेत. व्हिएतनामहून परतलेल्या अनेकांना तिथल्या जुन्या संघटनांत परकेपणा वाटला. महायुद्ध जिंकून आलेल्यांच्या नजरेत यांची लढाई लढाईच नव्हती. शेवटी १९७८ मध्ये त्यांनी ‘व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ ही स्वतःची संघटना काढली आणि एका पिढीच्या माजी सैनिकांनी पुन्हा कधीही दुसऱ्या पिढीला वाऱ्यावर सोडायचं नाही, हेच तिचं ब्रीद ठरवलं. आपल्याकडेही हेच होतंय. एकाच तालुक्यात तीन-तीन संघटना दिसतात ना, त्यांतली निदान एक अशीच रागाने जन्मलेली असते.

पदांचं बोलायचं तर तरुणाला ‘युवा प्रतिनिधी’ वगैरे शोभेचं पद देऊ नका. त्याला खजिनदार करा. हिशोबाबद्दल ही पिढी कडक आहे, आणि ते बरोबर आहे. आमच्याकडे नव्या खजिनदाराने पहिल्याच महिन्यात जमाखर्चाचा फोटो ग्रुपवर टाकला, तेव्हा दोन ज्येष्ठ नाराज झाले. सहा महिन्यांनी वर्गणी न मागता यायला लागली.

इथे कायद्याची एक बाजू आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. आपल्या बहुतेक संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. जिल्ह्यातल्या एका संघटनेत दोनदा निवडणूक झाली, हार घातले, पण बदल अहवाल दिलाच नाही. कागदावर जुनेच पदाधिकारी राहिले, बँकेत सही त्यांचीच चालायची. नवी मुलं वर्षभर झटली आणि मग सोडून गेली. तुमची परिशिष्ट एकची नोंद, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली पदाधिकाऱ्यांच्या नावांची नोंद, आधी काढून बघा. तिथे वारलेल्या माणसांची नावं असतील, तर तरुणांना बोलावण्याआधी ते सरळ करा.

कामाचं म्हणाल, तर तरुण फौजी सभेला येत नाही, पण कामाला येतो. ४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीला पूर आला. पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं, तुमच्या चांदोरी-सायखेड्यात तर घरांत शिरलं. तुम्हाला ते मी सांगायला नको. त्या दिवशी मी अकरा जणांना फोन केले, त्यातले आठ जण कधीच सभेला न आलेले. तासाभरात नऊ जण दोर, टॉर्च आणि रेनकोट घेऊन हजर. कोणी काय करायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. पंचवटीत म्हातारी माणसं खांद्यावरून आणली, रात्री अन्नाची पाकिटं मोजून वाटली. त्यातले पाच आज आमच्या कार्यकारिणीत आहेत. तिकडे अमेरिकेतही २०१० च्या हैती भूकंपानंतर काही तरुण माजी सैनिकांनी ‘टीम रुबिकॉन’ नावाची आपत्तीत मदत करणारी संघटना उभी केली, ती याच कारणाने वाढली. तेव्हा पावसाळ्याआधी तुमच्या नदीकाठच्या गावांची यादी, होड्या कुणाकडे आहेत, पोहणारे कोण, हे तरुणांकडूनच करून घ्या.

सिंहस्थाचं कामही असंच. २००३ च्या ऑगस्टमध्ये इथल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, हे नाशिककर विसरलेले नाहीत. गर्दीत शांत राहून दोन वाक्यांत सूचना देणं हे आपल्या माणसांना शिकवावं लागत नाही. पण स्वयंसेवक म्हणून जायचं तर प्रशासनाशी आधी लेखी बोलणी करा. ऐनवेळी टोप्या घालून उभं राहिल्याने पोलिसांचं काम वाढतं.

रोजचं काम हवं असेल तर गावच्या मैदानावर भरतीची तयारी घ्या. १,६०० मीटर धावणं, बीम (दांड्याला लटकून पुल-अप्स), नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं. आमच्याकडे पहाटे साडेपाचला चाळीस पोरंपोरी येतात आणि त्यांना पळवणारे तिघेही चाळिशीच्या आतले माजी सैनिक आहेत. त्यातल्या एकाने मला सांगितलं, ‘सर, घरी आल्यापासून पहिल्यांदा कुणाला माझा उपयोग झाला.’ यावर मी काय बोलणार!

बायकांना सभेपासून लांब ठेवू नका. आपल्या घरातली कागदपत्रं बहुतेक वेळा बायकोच सांभाळते, वीस वर्षं घर तिनेच चालवलेलं असतं. वीरपत्नीला वर्षातून एकदा साडी-नारळ देऊन आपण मोकळे होतो. तिला मुलाच्या प्रवेशासाठी सोबत यायला कुणी नसतं. गुरुवारच्या टेबलावर आमच्याकडे एक वीरपत्नी बसायला लागली, तेव्हापासून बायका एकट्या यायला लागल्या.

आणि अग्निवीर. हे मी शेवटी लिहितोय, पण तुमच्या संघटनेचं पुढचं सगळं यावर आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, तिच्यातून भरती झालेला तो अग्निवीर. चार वर्षांची सेवा, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम होणार, बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन बाहेर. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही, आणि योजना जाहीर झाली तेव्हाच्या अटींनुसार माजी सैनिक हा दर्जाही नाही. २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६-२७ च्या हिवाळ्यात पुरी होतात. यातले कितीतरी इथल्याच आर्टिलरी सेंटरमधून घडलेले. बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा सैन्यातून परत येईल, आणि तुमच्या घटनेत ‘सभासद म्हणजे शासनमान्य माजी सैनिक’ असं लिहिलेलं असेल, तर तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवाल. आमच्याकडे या दुरुस्तीवर तीन सभा वाद झाला. काहींचं म्हणणं, चार वर्षांत कसला फौजी. मी एवढंच विचारलं की तो त्या चार वर्षांत चौकीवर उभा होता की नव्हता. शेवटी ‘सैन्यदलात सेवा केलेली कोणतीही व्यक्ती’ अशी सभासदत्वाची व्याख्या ठरली. तुमचीही घटना काढून वाचा आणि दुरुस्ती पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घाला.

कुठून सुरू करायचं विचारलंत तर असं करा. तालुक्यात गेल्या दोन वर्षांत कोण कोण घरी आलं ते शोधा. यादी कुणी आणून देईल याची वाट बघू नका. गावचा पोलीस पाटील आणि पोस्टमन सांगतील. एकेकाच्या घरी दोघांनी जायचं, एक ज्येष्ठ आणि एक चाळिशीच्या आतला. पावतीपुस्तक न्यायचं नाही. कागद जुळतात का, मुलांचं शिक्षण कुठवर आलं, एवढंच विचारायचं आणि निघायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करायचा.

पेन्शन चालू राहण्यासाठी द्यायचे हयातीचे दाखले बहुतेकांचे नोव्हेंबरमध्ये असतात. तुमच्या वृद्ध सभासदांची तेव्हा रांग लागेल, कुणाचं बोट मशीनवर उमटणार नाही, कुणाचा ओटीपी मुलाच्या मोबाइलवर पुण्याला जाईल. कॅन्टीनमध्ये ‘येतो की’ म्हणणाऱ्यांपैकी एकाला आजच फोन करा आणि त्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसशील का, एवढं विचारा.